लाल तुरीचा दाणा

२०२३ साल होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठ-दहा दिवस झाले होते आणि अकोल्यात असं ऊन पडत होतं की दुपारभर रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. अशा दिवसांत माझी नात प्रियदर्शनी मला गावोगाव घेऊन फिरत होती. ती अमरावतीच्या विद्यापीठात संख्याशास्त्रात पीएच.डी. करत होती. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतली तरुण माणसं बाहेर का जाऊ पाहतात, हा तिचा विषय. गेलेल्या माणसांबद्दल नव्हे, अजून न गेलेल्यांबद्दल.

"गेलेल्यांची गणती सरकार करतंच, आजी," ती म्हणायची. "मला मनात काय आहे ते मोजायचं आहे."

जमीन किती, शिक्षण किती, गावापासून एस.टी.चा रस्ता किती लांब, घरातलं कोणी आधी गेलंय का, लग्न झालंय का, अशी एकेक गोष्ट ती विचारायची. त्यावरून कोणत्या कारणाला किती वजन आहे हे गणितानं काढायचं. वजन हा शब्द ऐकून मला हसू आलं होतं. मी तीस वर्षं पातूर तालुक्यात नर्स होते. काट्याला झोळी लावून त्यात बाळ टाकायचं आणि काटा थांबेपर्यंत श्वास धरायचा, एवढंच वजन मला माहीत. ज्यांना मी त्या झोळीत टाकलं होतं तीच पोरं आता मिशा घेऊन समोर बसत आणि प्रियदर्शनी त्यांना विचारी, येत्या दोन वर्षांत गाव सोडायचा विचार आहे का?

माझे वडील छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी गाव सोडून अकोल्याला गिरणीत लागले. तेव्हा गिरणीच्या भोंग्यावर अर्ध्या शहराच्या चुली पेटत. खानदेशातून, मराठवाड्यातून माणसं इकडे येत, वऱ्हाडात काम आहे म्हणून. वडिलांना कोणी विचारलं नाही की बाबा, तू का निघालास. आमचं घर गावाच्या कडेला होतं, ते रिकामं झालेलंही बऱ्याच जणांना उशिरा कळलं असेल. विचारलं असतं तर त्यांनी कोणत्या कारणाला किती वजन दिलं असतं, हे कळायला आता मार्ग नाही.

प्रियदर्शनी मला सोबत न्यायची त्याचं कारण साधं होतं. एकट्या पोरीला लोक ओट्यावर बसवतात, पाणी देतात आणि काही सांगत नाहीत. 'सिस्टरबाई आल्या' म्हटलं की दार आतपर्यंत उघडतं.

पण सुरुवात आम्ही वरूडकडून केली होती, जिथं मला कोणी ओळखत नव्हतं. मार्च महिना, मृग बहाराची संत्री तोडून ट्रक भरले जात होते. शेंदूरजनाघाटला एका बगीचेवाल्याच्या घरी जीवन नावाच्या पोराला तिनं तिचा प्रश्न विचारला. बाप बाजूलाच खाटेवर बसला होता.

"नाई बा, कायले जातो?" जीवन म्हणाला. "घरचा बगीचा हाये."

"लिवा ताई, नाई लिवा," बाप खूश. "आमचा जीवन कुठी जात नसते. पोट्टं लय मायाळू हाये."

दुसऱ्या दिवशी वरूडच्या स्टँडवर आम्ही बसची वाट पाहत होतो तर हाच जीवन नागपूरच्या गाडीत, मांडीवर मोठी बॅग, खिडकीत. प्रियदर्शनीला पाहून आधी लपला, मग हसला.

"अरे, काल तर नाही म्हणालास!"

"तुमी बाबांसमोर विचारलं ना, ताई. बाबांसमोर मी बिडी पेतो हे सांगन काय?"

गाडी सुटली. प्रियदर्शनी मात्र तिथंच कपाळाला हात लावून बसली. तोवर दीडशे घरं झाली होती आणि सगळी घरं अशीच, ओट्यावर, मायबापांसमोर. एकट्याला बाजूला घेऊन विचारायचं तर तरण्या पोरीनं तरण्या पोराला घेऊन बसायचं कुठं? आणि पोरींना तर कोणी एकटं सोडतच नाही.

मग तिनं ती पिशवीची रीत आणली. ही तिची नव्हे, संख्याशास्त्रात जुनीच आहे म्हणे. पिशवीत शंभर दाणे. सत्तर एका रंगाचे, तीस दुसऱ्या. ज्याला प्रश्न विचारायचा त्यानं न पाहता एक दाणा काढायचा, मुठीतल्या मुठीत बघायचा आणि परत टाकायचा. पहिला रंग आला तर खरं उत्तर द्यायचं. दुसरा आला तर मनात काहीही असो, 'हो' म्हणायचं. म्हणजे कोणी 'हो, जाणार' म्हणालं तरी ते त्याच्या मनातलं की पिशवीतलं, हे शेजारी बसलेल्या बापालाही कळत नाही आणि विचारणारीलाही नाही. शेवटी सगळ्या उत्तरांमधून पिशवीतले 'हो' वजा करायचे. उरले ते खरे.

आधी तिनं प्लास्टिकचे मणी आणले होते. लहान पोरांनी दोनच दिवसांत त्यांच्या माळा केल्या. मग ती म्हणाली, हरभरा आणि तूर घेऊ. मी म्हटलं, "अगं, हरभऱ्याला चोच असते, बोटाला न पाहता कळेल." तेव्हा लाल तूर आणि पांढरी तूर ठरली. आकार एक, हात फिरवून फरक कळत नाही, आणि आमच्याकडे कोणाच्याही घरी मिळते. पांढरी आली तर खरं बोलायचं, लाल आली तर 'हो'.

रीत चालली. पोरांच्या मुठी आवळलेल्या असत. काढलेला दाणा छातीशी नेऊन बघत आणि परत टाकत, आणि 'हाव' म्हणताना मायबापांकडे बघत, जणू सांगत असत की दाण्यानं म्हणायला लावलं.

मे महिन्यात आम्ही पातूरकडे आलो आणि कौसल्येच्या घरी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच राहतात.

कौसल्येची दोन्ही बाळंतपणं मी केली. थोरला सातव्या महिन्यात झाला आणि तीन दिवसांत गेला. धाकटा शिवम. त्याच्यानंतर तिला मूल झालं नाही. नवरा पंजाबराव अबोल माणूस, सात एकर काळं वावर आणि एक विहीर. शिवम तेव्हा चोवीस वर्षांचा होता. अकोल्याला आयटीआय केलेली. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी बांधून द्यायचा. व्होल्टेज कमी, त्यामुळे आमच्या भागात मोटारी जळतच असतात. घराच्या पुढच्या खोलीत वाइंडिंगचं दुकान टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. चाकणच्या एका कंपनीतून मित्रानं निरोप दिला होता, ये म्हणून. तो जागचा हलला नव्हता.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याचं लग्न जमत होतं. आजकाल पोरीवाले पहिला प्रश्न विचारतात, मुलगा पुण्यात आहे का. गावात राहणाऱ्या पोरांची तिशी उलटली तरी कोणी दारात उभं करत नाही. पातूरचे सहदेवराव मात्र उलटं विचारत होते. बायको गेलेली, भावना एकुलती एक. मुलगा इथंच राहणार ना, एवढीच त्यांची अट. शिवम आणि भावना एकमेकांना आवडले होते. जूनच्या सुरुवातीला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं ठरलं होतं. कौसल्येनं मला आत नेऊन साडी दाखवली, मोरपंखी.

"सिस्टरबाई, पाह्यजा बरं, सून इथं माह्यापाशी राहीन. लोकायची पोरं गेली, माहं पोट्टं राह्यलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

पन्हं पिऊन झालं, मग बाहेरच्या खोलीत प्रियदर्शनीनं शिवमला रीत समजावली. कौसल्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. पंजाबराव कूलरसमोर.

"मले काय विचारता ताई?" शिवम हसत म्हणाला. "मी तं गावचा खांब हावो."

"खांबालाही विचारावं लागतं. काढ दाणा."

त्यानं पिशवीत हात घातला, दाणा काढला आणि सगळ्यांसमोर तळहात पसरला.

"हे घ्या! लाल!"

"अरे, दाखवायचा नसतो!" प्रियदर्शनी म्हणाली.

"लपवाले काय हाये त्याच्यात? लाल आला म्हंजे हाव म्हनाचं ना? हाव बाप्पा, जातो! जातो मी!" आणि तो मोठ्यानं हसला. पंजाबरावही हसले. प्रियदर्शनीनं नियमाप्रमाणे 'हो' नोंदवलं.

कौसल्या हसली नाही. तिनं त्याच्या तळहाताकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"लाल किती हायेत याच्यात?" तिनं विचारलं.

"तीस. आणि पांढरे सत्तर."

"सत्तर सोडून लालच आला."

"कोणालाही येतो, मावशी. त्याचा अर्थ काही नसतो. तो नुसता—"

"दाना उगाच येत नसते, पोरी."

कौसल्येचं माहेर जळगाव जामोदकडचं. तिचे वडील दर आखाजीला भेंडवळला घटमांडणी पाहायला पायी जात. संध्याकाळी वावरात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात. रात्रभर तिथं कोणी थांबत नाही. सकाळी कोणता दाणा जागचा हलला, कोणता घटाबाहेर गेला, यावरून वर्षाचा पाऊस आणि पीक सांगतात. वडील दुसऱ्या दिवशी परतून जे सांगत, त्यावर घरात काय पेरायचं ते ठरे. ती त्यातच वाढली. माझ्या घरात घट नाही, कौल नाही, आम्ही मानत नाही. पण मी तिच्या तोंडावर कधी हसलेही नाही.

त्या दिवशी मात्र मी बोलले. "कौसल्या, ही पिशवी माझ्या नातीनं अमरावतीत शिवली. तूर माझ्या डब्यातली. त्यात घट कुठून आला?"

"तुमी नाई मानत, माहीत हाये मले," ती शांतपणे म्हणाली. "पन तुमी रगत तपासाले एकच थेंब घेता ना, बाई? अख्ख्या आंगाचं त्याच्यात समजते ना? मंग एका दान्यात काहून नाई समजत?"

प्रियदर्शनीनं पिशवीचं तोंड बांधलं.

"अवं, मी काढला असता तं माह्याही हातात लालच आला असता," पंजाबराव म्हणाले.

"तुमचा येऊन काय उपेग? तुमी कुठी जाता, पानठेल्यावर?"

सगळे हसले आणि विषय संपला असं मला वाटलं. परतताना प्रियदर्शनी म्हणाली, "आजी, आजवर ज्यानं ज्यानं दाणा लपवला, त्यांच्यातलेच जाणारे निघतील. शिवमनं मूठ उघडली, कारण त्याच्या मनात जायचं नव्हतंच. पण हे माझ्या गणितात कुठं बसत नाही."

पंधरा दिवसांनी पंजाबरावांचा फोन आला. तो माणूस फोन करणारा नव्हे.

"सिस्टरबाई, तुमीच येऊन इले समजावा. हिनं सोयरीक मोडली."

मी एस.टी.नं गेले. कौसल्या तांदूळ निवडत होती. तिनं भावाच्या हाती सहदेवरावांना निरोप पाठवला होता की आमचं पोरगं जाणार आहे, दाण्यात तसं आलं आहे, पुढं फसवलं म्हणू नका.

"तू खरंच असा निरोप दिलास?" मी विचारलं.

"मंग काय लपवू? त्यायची एकच अट होती. पोरगी देऊन बसले असते अन् हा निंगून गेला असता, तं त्या लेकराच्या बापानं माह्या नावानं बोटं मोडली असती. खोटं बोलून सून आनाची काय?"

"अगं, पण त्याला जायचं नाही! त्यानं मूठ उघडून दाखवली. लपवायचं असतं तर उघडली असती का?"

"दान्यानंच उघडाले लावली."

मी शिवमला हाक मारली. तो पुढच्या खोलीत नव्हता. तिथं बंडू नावाच्या कृषी दुकानदाराची खताची पोती रचली होती. कौसल्येनं खोली देऊन टाकली होती, दुकान तर आता होणार नाही म्हणून. शिवम विहिरीवर होता.

"तू स्पष्ट सांग ना आईला," मी म्हटलं.

"सांगतलं. तीनदा सांगतलं. थे म्हनते, तू माह्यासाठी राहून राहिला, पुढे मले बोल लावशीन. मी बोलतो ते खोटं अन् तुरीचा दाना खरा?" त्यानं ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं. "बह्याड समजते काय मले? जिनं जन्म दिला तिनंच सामान बांधून ठेवलं, सिस्टरबाई. आता मी काय दाराले धरून बसू?"

येताना मी पातूरला सहदेवरावांकडे उतरले. भावनानं पाणी दिलं आणि ती आत गेली ती बाहेर आली नाही. मी सगळं सांगितलं, पिशवी, लाल, पांढरी, वजाबाकी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमचं खरं असन, बाई," ते म्हणाले. "पन मुलाची मायच म्हनते की जाईन. मायपेक्षा जास्त मी कोनाचं ऐकू? खरं सांगतलं त्यायनं, उपकारच झाले."

त्यांच्या जागी मीही तेच म्हणाले असते.

प्रियदर्शनी स्वतः दोनदा जाऊन आली. एकदा तिनं कौसल्येसमोर बसून तिच्याकडूनच दाणे काढवले, वीस-पंचवीस वेळा. कधी लाल येई, कधी पांढरा. कौसल्येनं सगळं नीट पाहिलं आणि म्हणाली, "घट एकदाच पाहाचा असते. पुन्हा पुन्हा मांडला तं त्याले काय अर्थ?" प्रियदर्शनीनं तिच्या सरांना विचारलं, हे घर वगळू का? सर म्हणाले, का वगळायचं? उत्तर नियमाप्रमाणेच आलं आहे, आणि चारशे घरांत एका घरानं काय होतं?

"बरोबर आहे त्यांचं," तिनं मला फोनवर सांगितलं. "चारशे घरांत तो लाल दाणा वजा होतो, आजी. कौसल्यामावशीच्या एका घरात तो कसा वजा करू?" ती रडत होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शिवम गेला. अकोल्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जायचं म्हणून संध्याकाळी माझ्याकडे जेवायला आला होता. मी शेवभाजी केली होती. त्यानं भाकरी अर्धी ठेवली. आईनं दिलेला डबा, त्यात ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि वर एक नवीन चादर. चादरीची घडी तो सारखी नीट करत होता.

"मले तं जायचंच नोतं," तो म्हणाला. मग चप्पल घालून निघाला.

आठवड्यानं कौसल्येचा फोन आला. पोरगं नीट पोचल्याचं सांगितलं, खोलीत चौघं राहतात ते सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "पाह्यलं ना सिस्टरबाई? दाना खोटा निंगाला काय?" त्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं.

प्रियदर्शनीला पंचवीस साली पदवी मिळाली. तिच्या गणितात सगळ्यात जास्त वजन निघालं ते 'मित्र किंवा भाऊ आधी गेलेला' या कारणाला, त्याच्या खाली मुलांच्या लग्नाला. प्रबंध निळ्या कापडी बांधणीत माझ्या कपाटात आहे. ती स्वतः आता बंगळुरूला असते, एका मोठ्या कंपनीत. तीन वर्षांसाठी म्हणून गेली. माझा मुलगा धर्मेंद्र, तिचा बाप, अमरावतीत तिची खोली रोज झाडून ठेवतो.

शेंदूरजनाघाटचा जीवन नागपूरहून पुढे पुण्याला गेला, सहा महिने राहिला आणि परत आला. आता बापाचा बगीचा पाहतो.

भावनाचं लग्न तेवीस सालीच दिवाळीनंतर अकोटला झालं. मुलगा एस.टी.त वाहक होता, तो पुढे बदली घेऊन नाशिककडे गेला. सहदेवराव पातूरला एकटे असतात. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात उचलत नाही, शेजारच्या आशाबाई दोन वेळचं देतात.

पंजाबरावांनी वावर मक्त्यानं दिलं. गुडघे चालत नाहीत, आणि एकट्यानं किती करणार. मोटार जळली की आता पातूरहून माणूस बोलवावा लागतो आणि तो चार दिवस येत नाही.

शिवम चाकणलाच आहे. कंपनीत आधी कंत्राटावर होता, आता कायम झाला. याच मे महिन्यात त्याचं लग्न झालं. मुलगी परभणीकडची, तिथंच एका कारखान्यात कामाला. लग्न तिकडेच एका हॉलमध्ये झालं, दोघांनाही सुट्टी मिळेना म्हणून. कौसल्या आणि पंजाबराव रेल्वेनं गेले, दोन दिवस राहिले आणि परत आले.

मी फोन करून विचारलं, सून कशी आहे?

"चांगली हाये," कौसल्या म्हणाली. "गोरी हाये, हसरी हाये. आमाले गादीवर झोपवलं अन् दोघं खाली झोपले. सकाळी मी पोळ्या लाटाले उठली, तं म्हनते, राहू द्या आई, तुमी पाहुन्या हायेत." मागं कुठं तरी नळाचं पाणी भांड्यात पडत होतं. "मंग मी बसून राह्यली."